मोटार कर्जाने घ्यावी की एकरकमी? हप्ते, मुदतपूर्व परतफेड आणि बोजा उतरवण्याचा हिशेब

मोटार खरेदी करताना साठवलेली रक्कम एकदम भरावी की ती बँकेत ठेवून कर्ज काढावे, आणि कर्ज आधीच घेतले असेल तर ते मुदतीपूर्वी फेडून टाकावे का, हे मध्यमवर्गीय कुटुंबांपुढचे नेहमीचे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे सहसा कर्जाचा व्याजदर आणि ठेवीचा व्याजदर शेजारी ठेवून दिली जातात. प्रत्यक्षात निर्णय आणखी चार गोष्टींवर ठरतो : दर महिन्याच्या हप्त्याचे पैसे कुठून येतात, ठेवीवरील व्याजाला किती कर लागतो, मुदतपूर्व परतफेडीवर शुल्क आहे का, आणि एकरकमी पैसे भरल्यानंतर अडीअडचणीसाठी घरात किती शिल्लक उरते.

‘रोखीने खरेदी’ म्हणजे काय

बोलीभाषेत ‘रोखीने गाडी घेतली’ असे म्हटले जात असले तरी नोटांची थप्पी देऊन नवी मोटार घेणे आज कायद्याला धरून नाही. आयकर कायद्यात २०१७ मध्ये कलम २६९एसटी समाविष्ट करण्यात आले. त्यानुसार एका व्यक्तीकडून एका दिवसात, एका व्यवहारापोटी किंवा एकाच प्रसंगाशी संबंधित व्यवहारांपोटी २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोख स्वरूपात स्वीकारण्यास मनाई आहे. मोटारीची किंमत वेगवेगळ्या दिवशी थोडी थोडी रोख दिली तरी तो व्यवहार एकच मानला जातो. उल्लंघन झाल्यास स्वीकारलेल्या रकमेइतका दंड होऊ शकतो आणि तो पैसे घेणाऱ्यावर, म्हणजे विक्रेत्यावर, लागू होतो. त्यामुळे एकरकमी खरेदी म्हणजे धनादेश, एनईएफटी किंवा आरटीजीएसद्वारे बँक खात्यातून केलेला भरणा होय.

मोटारीची किंमत १० लाख रुपयांहून अधिक असल्यास विक्रेता १ टक्का कर उगमस्थानी वसूल करतो. हा वेगळा कर नाही. आयकर विवरणपत्र भरताना तो एकूण करदायित्वातून वजा करता येतो किंवा परत मिळतो. खरेदी कर्जाने असो वा एकरकमी, ही वसुली दोन्ही वेळी होते. रस्ता कर, नोंदणी शुल्क आणि विम्याचा हप्ता यांतही दोन मार्गांत फरक पडत नाही.

एकरकमी पैसे देणाऱ्याला अधिक सवलत मिळते हा समजही दर वेळी खरा ठरत नाही. वितरकाने कर्जाचे प्रकरण बँकेला किंवा वित्तसंस्थेला मिळवून दिल्यास त्याला अनेकदा मोबदला मिळतो. परिणामी काही विक्रेते कर्ज घेणाऱ्या ग्राहकालाच अधिक सवलत देऊ करतात. अशी सवलत स्वीकारण्यापूर्वी प्रक्रिया शुल्क, दस्तऐवज शुल्क आणि कर्जासोबत गळ्यात मारलेला विमा वजा करून ती कितपत खरी उरते हे पाहणे आवश्यक असते.

हप्त्यांचे गणित

उदाहरणादाखल ८ लाख रुपयांचे कर्ज वार्षिक ९ टक्के स्थिर दराने, घटत्या शिल्लक रकमेवर व्याज आकारून घेतले असे मानले, तर मुदतीनुसार चित्र असे दिसते :

३ वर्षे : मासिक हप्ता सुमारे २५,४४० रुपये, एकूण व्याज सुमारे १ लाख १६ हजार रुपये.
५ वर्षे : मासिक हप्ता सुमारे १६,६०७ रुपये, एकूण व्याज सुमारे १ लाख ९६ हजार रुपये.
७ वर्षे : मासिक हप्ता सुमारे १२,८७१ रुपये, एकूण व्याज सुमारे २ लाख ८१ हजार रुपये.

म्हणजे तीनऐवजी सात वर्षांची मुदत घेतल्यास हप्ता जवळपास निम्मा होतो, पण व्याज सुमारे १ लाख ६५ हजार रुपयांनी वाढते. विक्रीच्या टेबलावर चर्चा बहुधा ‘महिन्याला किती?’ या प्रश्नाभोवती फिरते आणि हा वाढीव खर्च नजरेआड होतो.

व्याजदर कोणत्या पद्धतीने सांगितला जात आहे, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. ‘फ्लॅट’ दरात संपूर्ण मुदतभर मूळ रकमेवरच व्याज लावले जाते. मुद्दल फिटत गेले तरी व्याज कमी होत नाही. ८ लाख रुपयांवर ५ वर्षांसाठी ७ टक्के फ्लॅट दर म्हणजे २ लाख ८० हजार रुपये व्याज आणि १८,००० रुपयांचा हप्ता. घटत्या शिल्लक पद्धतीत हाच हप्ता सुमारे साडेबारा टक्के दराचा ठरतो. ऐकायला ७ टक्के ९ टक्क्यांहून स्वस्त वाटले तरी ते कर्ज प्रत्यक्षात बरेच महाग असते.

हा गोंधळ टाळण्यासाठी रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या सर्व नव्या किरकोळ मुदत कर्जांसाठी ‘मुख्य तथ्य विवरणपत्र’ देणे बंधनकारक केले आहे. त्यात व्याज आणि शुल्के एकत्र धरून काढलेला वार्षिक टक्केवारी दर, परतफेडीचे वेळापत्रक आणि शुल्कांचा तपशील ग्राहकाला समजेल अशा भाषेत द्यावा लागतो. दोन कर्जांची तुलना करताना जाहिरातीतील दराऐवजी हा वार्षिक टक्केवारी दर वापरणे योग्य ठरते.

‘ठेव ठेवा, कर्ज काढा’ हा युक्तिवाद

कर्जाच्या बाजूने एक युक्तिवाद वारंवार केला जातो. ८ लाख रुपये ६.५ टक्के दराने ५ वर्षे मुदत ठेवीत ठेवले, तर तिमाही चक्रवाढीने सुमारे ३ लाख ४ हजार रुपये व्याज मिळते. त्याच काळात ८ लाखांच्या कर्जावर ९ टक्के दराने १ लाख ९६ हजार रुपयेच व्याज द्यावे लागते. मग कर्ज घेऊनही १ लाखाहून अधिक फायदा झाला, असे सांगितले जाते.

आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष चुकीचा आहे. ठेवीतील ८ लाख रुपये पाच वर्षे हलत नाहीत, मग कर्जाचा १६,६०७ रुपयांचा हप्ता दरमहा पगारातून जातो. एकरकमी गाडी घेणाऱ्याला हा हप्ता भरावा लागत नाही, आणि ती रक्कम तो दरमहा आवर्ती ठेवीत टाकू शकतो. त्याच ६.५ टक्के दराने पाच वर्षांनी त्याच्याकडे सुमारे ११ लाख ७३ हजार रुपये जमतात. कर्ज घेणाऱ्याची मुदत ठेव तेव्हा सुमारे ११ लाख ४ हजार रुपयांची झालेली असते. गाडी दोघांकडेही आहे. पण एकरकमी घेणारा जवळपास ६८ हजार रुपयांनी पुढे आहे.

कर विचारात घेतला तर अंतर वाढते. ठेवीवरील व्याज उत्पन्नात धरले जाते आणि त्यावर करदात्याच्या टप्प्यानुसार आयकर लागतो. २० टक्के टप्प्यातील व्यक्तीस उपकरासह २०.८ टक्के कर भरावा लागतो, त्यामुळे ६.५ टक्क्यांचा परतावा हाती येईपर्यंत सुमारे ५.१५ टक्के उरतो. या दराने हिशेब केल्यास एकरकमी खरेदीचा फायदा सुमारे १ लाख रुपयांपर्यंत जातो. मुदत ठेवीचा करोत्तर परतावा कर्जाच्या दराहून कमी असेल तोवर ठेव राखून कर्ज घेणे आर्थिकदृष्ट्या तोट्याचेच ठरते. शेअर बाजाराशी निगडित गुंतवणुकीत परतावा अधिक मिळू शकतो, पण तो निश्चित नसतो. कर्जाचा हप्ता मात्र निश्चित असतो.

पगारदार व्यक्तीला खासगी मोटारीच्या कर्जव्याजावर आयकरात वजावट मिळत नाही. विद्युत वाहनांसाठी कलम ८०ईईबीखाली दीड लाख रुपयांपर्यंतची वजावट होती. ती १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती. व्यवसायासाठी वापरल्या जाणाऱ्या मोटारीचे गणित वेगळे आहे. तेथे व्याज हा व्यवसायाचा खर्च मानला जातो. घसाऱ्याची वजावट मात्र मोटार कर्जाने घेतली वा एकरकमी, दोन्ही वेळी मिळते.

एकरकमी खरेदी केव्हा महागात पडते

वरील हिशेबाला दोन अटी आहेत. पहिली म्हणजे वाचलेला हप्ता खरोखर दरमहा बाजूला टाकला गेला पाहिजे. तो घरखर्चात विरघळला, तर पाच वर्षांनी गाडी जुनी झालेली असते आणि शिल्लकही उभी राहिलेली नसते. कर्जाचा हप्ता सक्तीने जातो, बचतीचा हप्ता स्वतःच्या शिस्तीवर चालतो.

दुसरी अट अधिक गंभीर आहे. गाडीसाठी संपूर्ण शिलकी रिकामी केली आणि काही महिन्यांत रुग्णालयाचे बिल किंवा नोकरीतील खंड समोर आला, तर तेव्हा वैयक्तिक कर्ज काढावे लागते किंवा क्रेडिट कार्डावर विसंबावे लागते. ही कर्जे वाहनकर्जाहून महाग असतात. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवरील व्याज अनेकदा वार्षिक ३५ टक्क्यांहून अधिक असते. अशा एका प्रसंगात वाचवलेले सर्व व्याज निघून जाऊ शकते. त्यामुळे किमान सहा महिन्यांचा घरखर्च आणि चालू असलेले इतर हप्ते भागतील एवढी रक्कम हातची न सोडता उरलेल्या पैशांतून जास्तीत जास्त डाउन पेमेंट करणे आणि फरकापुरते, कमी मुदतीचे कर्ज घेणे हा मधला मार्ग बहुतेक कुटुंबांना परवडणारा आहे.

याउलट मोटारीच्या संपूर्ण किमतीइतके कर्ज घेण्यात वेगळा धोका असतो. विम्यातील घोषित मूल्य गाडीच्या वयानुसार ठरलेल्या टक्केवारीने घटते : वाहन एक ते दोन वर्षांचे असल्यास २० टक्के, दोन ते तीन वर्षांचे असल्यास ३० टक्के, तीन ते चार वर्षांचे असल्यास ४० टक्के. १० लाख रुपयांच्या गाडीवर १० लाखांचेच कर्ज ९ टक्के दराने ७ वर्षांसाठी घेतले, तर दोन वर्षांनंतर सुमारे ७ लाख ७५ हजार रुपये येणे बाकी असते. विम्यातील मूल्य मात्र तिसऱ्या वर्षी सुमारे ७ लाख रुपये असते. त्या काळात गाडी चोरीला गेली किंवा अपघातात पूर्ण निकामी झाली, तर विम्याची रक्कम आधी कर्जदात्याकडे जाते. कर्जदाराकडे गाडी राहत नाही आणि सुमारे ७५ हजार रुपयांचे देणे मात्र उरते.

चालू कर्ज मुदतीपूर्वी फेडावे का

घटत्या शिल्लक पद्धतीत सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असतो. ८ लाख रुपयांच्या पाच वर्षांच्या वरील कर्जात पहिल्या दोन वर्षांत सुमारे १ लाख २१ हजार रुपये, म्हणजे एकूण व्याजाच्या ६० टक्क्यांहून अधिक रक्कम भरून झालेली असते. उरलेल्या तीन वर्षांत सुमारे ७५,६०० रुपयेच व्याज बाकी असते. म्हणून मुदतपूर्व परतफेडीचा लाभ सुरुवातीस अधिक आणि पुढे झपाट्याने कमी होत जातो.

त्यात शुल्काचा भाग येतो. रिझर्व्ह बँकेने २ जुलै २०२५ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार, १ जानेवारी २०२६ रोजी किंवा त्यानंतर मंजूर वा नूतनीकरण झालेल्या, व्यक्तींना व्यवसायेतर कारणासाठी दिलेल्या तरत्या दराच्या कर्जांवर मुदतपूर्व परतफेड शुल्क आकारता येत नाही. परतफेडीचा पैसा कुठून आला किंवा ती पूर्ण आहे की अंशतः, यावर ही सूट अवलंबून नाही. मात्र अनेक वाहनकर्जे स्थिर दराची असतात आणि ती या सवलतीबाहेर राहतात. त्यांच्यावरील शुल्क मंजुरीपत्र, करारनामा आणि मुख्य तथ्य विवरणपत्रात स्पष्ट नमूद असावे लागते. तेथे न दाखवलेले शुल्क नंतर वसूल करता येत नाही.

वरील कर्जात दोन वर्षांनंतर सुमारे ५ लाख २२ हजार रुपये मुद्दल बाकी असते. शुल्क ४ टक्के धरल्यास त्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा करासह सुमारे २४,६०० रुपये होतात. वाचणारे व्याज ७५,६०० रुपये, म्हणून सकृतदर्शनी ५१ हजार रुपयांचा लाभ दिसतो. परंतु परतफेडीसाठी मोडलेल्या ठेवीचे व्याजही बुडते. हप्त्याची वाचलेली रक्कम दरमहा पुन्हा ठेवीत टाकली असे धरून, करोत्तर ५.१५ टक्के दराने दोन्ही बाजू मांडल्या, तर तीन वर्षांअखेर खरा लाभ सुमारे ७ हजार रुपये उरतो. शुल्क नसेल तर हाच लाभ सुमारे ३६ हजार रुपये होतो. अखेरचे एकच वर्ष राहिले असता बाकी व्याज सुमारे ९,४०० रुपये आणि करासह शुल्क सुमारे ९,००० रुपये असते. बुडालेले ठेवव्याज धरले तर त्या टप्प्यावर कर्ज बंद करणे तोट्याचे ठरते. गाडी विकायची असेल किंवा दुसऱ्या कर्जाची पात्रता वाढवायची असेल, तरच ते सयुक्तिक आहे.

अंशतः परतफेड करताना हप्ता कमी करावा की मुदत, हा पर्याय विचारून घ्यावा लागतो. पहिल्या वर्षाअखेर १ लाख रुपये भरून हप्ता तोच ठेवला, तर मुदत सुमारे आठ महिन्यांनी घटते आणि सुमारे ३९ हजार रुपये व्याज वाचते. मुदत तीच ठेवून हप्ता कमी करून घेतला, तर बचत सुमारे १९ हजार रुपये होते. शुल्क असल्यास ते यातून वजा करावे लागते.

स्थिर आणि तरत्या दराचा फरक २०२५ मध्ये ठळकपणे दिसला. त्या वर्षी रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५० टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने ५.२५ टक्क्यांवर आणला. रेपो दराशी जोडलेली कर्जे स्वस्त झाली. स्थिर दराने आधी घेतलेल्या कर्जांचे हप्ते तसेच राहिले. दर वाढत असताना हेच चित्र उलटे होते.

हप्ता थकल्यास रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार दंडात्मक शुल्क आकारता येते. ते मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही. वसुलीसाठी सकाळी ८ पूर्वी आणि सायंकाळी ७ नंतर दूरध्वनी करण्यास मनाई आहे. बळाचा वापर करणारे वसुली एजंट नेमून वाहने ताब्यात घेण्याच्या प्रकारावर सर्वोच्च न्यायालयाने २००७ मधील निकालात कठोर शब्दांत ताशेरे ओढले होते.

अखेरचा हप्ता भरल्यानंतर

कर्ज फिटले म्हणजे गाडी पूर्णपणे मोकळी झाली असे नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५१ नुसार कर्जदात्याच्या नावाचा बोजा, म्हणजे हायपोथिकेशन, नोंदणी प्रमाणपत्रावर नोंदवलेला असतो. अखेरचा हप्ता गेल्याने ही नोंद आपोआप निघत नाही. त्यासाठी कर्जदात्याकडून ना हरकत प्रमाणपत्र आणि त्याची स्वाक्षरी असलेला नमुना ३५ घेऊन परिवहन कार्यालयात किंवा ‘परिवहन’ संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. ना हरकत प्रमाणपत्राची वैधता मर्यादित असल्याने ते कपाटात ठेवून देणे अडचणीचे ठरते. त्यानंतर विमा पॉलिसीवरील कर्जदात्याचे नावही वगळून घ्यावे लागते, अन्यथा दाव्याची रक्कम मिळताना अडथळा येऊ शकतो.

बोजा न उतरवल्याचा त्रास सहसा वर्षानुवर्षांनी जाणवतो. गाडी विकताना नाव हस्तांतरित होत नाही. मालकाचे निधन झाल्यास वारसांना नमुना ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची असते, आणि तेव्हा जुन्या कर्जाची कागदपत्रे शोधण्याची वेळ त्यांच्यावर येते. नोकरीनिमित्त पुण्याहून बेंगळुरूला किंवा नागपूरहून इंदूरला स्थलांतर करणाऱ्यांनाही ही नोंद आड येते. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ वाहन ठेवायचे असल्यास कलम ४७ नुसार तेथे नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ परिवहन कार्यालयाचे नमुना २८ मधील ना हरकत प्रमाणपत्र लागते, आणि बोजा असलेल्या वाहनासाठी कर्जदात्याची संमतीही आवश्यक असते. जुनी मोटार घेणाऱ्याने याच कारणासाठी व्यवहारापूर्वी नोंदणी प्रमाणपत्रावरील बोजाची नोंद तपासणे हिताचे असते.

कर्ज पूर्ण फिटल्यानंतर मूळ कागदपत्रे परत करणे आणि नोंदवलेला बोजा काढणे यासाठी रिझर्व्ह बँकेने कर्जदात्यांना ३० दिवसांची मुदत दिली आहे. १ डिसेंबर २०२३ पासून लागू झालेल्या या नियमानुसार कर्जदात्याच्या चुकीमुळे विलंब झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई देय होते. कर्ज ‘बंद’ झाल्याची नोंद पतमाहिती कंपन्यांच्या अहवालातही दिसली पाहिजे; देशातील चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. चुकीची नोंद राहिल्यास पुढील गृहकर्जाच्या वेळी ती आडवी येते.

कर्जदात्याने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली दाद मागता येते. त्यासाठी शुल्क लागत नाही. मात्र कर्जदात्याकडे केलेल्या लेखी तक्रारीची प्रत, मुख्य तथ्य विवरणपत्र आणि परतफेडीचा खातेउतारा ही कागदपत्रे कर्जदाराने जपून ठेवलेली असणे आवश्यक असते.